घर नावाची सवलत

प्रश्न अगदी साधे असतात. आंघोळ स्वतःची स्वतः करता येते का? कपडे घालताना कुणाचा हात लागतो का? पलंगावरून उठून खुर्चीत बसता येतं का? शौचाला एकट्यानं जाता येतं का? लघवीवर ताबा आहे का? घास स्वतःच्या हातानं तोंडात जातो का? विचारणारी नर्स असते किंवा समाजसेविका. सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या विमा कंपनीनं ती पाठवलेली असते आणि तिच्या मांडीवर लॅपटॉप उघडा असतो. समजा, ती न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात आली आहे. समोर ऐंशीला टेकलेल्या आजी बसल्या आहेत. पाहुणी येणार म्हणून त्यांनी सकाळीच सुनेकडून केस विंचरून घेतले आहेत आणि ठेवणीतली साडी नेसवून घेतली आहे. पहिला प्रश्न येतो आणि आजी मान ताठ करून सांगतात, ‘सगळं जमतं मला.’

सून कपाळाला हात लावते. त्या तीन शब्दांनी आजींचे मदतीचे तास कापले जाऊ शकतात. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या माणसाला परक्या बाईसमोर ‘मला न्हाणीघरात एकटं सोडू नका’ असं म्हणवत नाही. म्हणून तर अमेरिकेत या कामातले वकील आणि सल्लागार कुटुंबीयांना आधीच बजावून ठेवतात, की चांगल्या दिवसाचं सांगू नका, वाईट दिवसाचं सांगा.

या प्रश्नांचा जन्म क्लीव्हलंड शहरातला. तिथल्या बेंजामिन रोझ हॉस्पिटलात सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदी ठेवत होते. कोण बरं होतंय आणि किती, हे मोजायचं कसं? रक्तदाब किंवा क्ष-किरणाची काच ते सांगत नव्हती. म्हणून त्यांनी रोजच्या जगण्यातली सहा कामं निवडली: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठणं-बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं. १९६३ साली ही मोजपट्टी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यात एक विलक्षण निरीक्षण होतं. आंघोळीसारखं अवघड काम माणसाच्या हातून आधी सुटतं आणि घास तोंडात घालणं सर्वांत शेवटी. बरा होऊ लागलेला रुग्ण ही कामं परत मिळवतो, ती साधारण लहान मूल ज्या क्रमानं शिकतं त्याच क्रमानं.

आज थोड्याफार फरकानं हीच यादी अमेरिकेतल्या गरीब वृद्धांसाठी किल्ली झाली आहे. आंघोळ घालायला, औषधाची आठवण करायला, पोळीभाजी करून द्यायला घरी माणूस हवा आणि त्याचा पगार सरकारनं द्यायला हवा, तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, तुम्ही पुरेसे गरीब आहात. दोन, तुम्ही पुरेसे लुळे आहात. दुसऱ्या अटीचं सरकारी नाव आहे ‘नर्सिंग होम लेव्हल ऑफ केअर’. म्हणजे नर्सिंग होममध्ये ठेवण्याइतकी तुमची अवस्था वाईट असली, तरच तुम्हाला घरी राहण्यासाठी मदत मिळणार.

मराठी वाचकाला इथे थोडं थांबावं लागेल. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यांसमोर एखाद्या डॉक्टरचं दहा-पंधरा खाटांचं खासगी रुग्णालय येतं, जिथे बाळंतपणं होतात. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये माणूस बहुधा बरं होऊन घरी जाण्यासाठी राहत नाही. तिथे उरलेलं आयुष्य काढायचं असतं, एका खोलीत दोन पलंग, मधे पडदा, जेवणाची वेळ ठरलेली. आणि त्याचा खर्च? जेनवर्थ या विमा कंपनीच्या २०२४च्या पाहणीनुसार स्वतंत्र खोलीचा मध्यम दर वर्षाला १,२७,७५० डॉलर होता. घरी येणाऱ्या मदतनिसासाठी तासाला सुमारे ३४ डॉलर मोजावे लागत होते. मध्यमवर्गीय निवृत्त जोडप्याची आयुष्यभराची पुंजी यात दोन-तीन वर्षांत संपते.

पण तिथे तर म्हाताऱ्यांना सरकारी विमा असतो, असं कुणी म्हणेल. असतो, त्याचं नाव मेडिकेअर. तो डॉक्टर, हॉस्पिटल, शस्त्रक्रिया यांचे पैसे देतो. हॉस्पिटलात तीन दिवस राहून आल्यावर नर्सिंग होममधल्या वैद्यकीय देखभालीचे जास्तीत जास्त १०० दिवस देतो, त्यातले पहिले २० पूर्ण. मात्र ‘रोज आंघोळ घालायला कुणीतरी हवं’ ही गरज मेडिकेअरच्या हिशेबात आजारच नाही. अनेक अमेरिकन कुटुंबांना हे आईचा खुबा मोडल्यावर कळतं.

उरतं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची योजना, निम्मा-अधिक पैसा केंद्राचा आणि बाकीचा राज्याचा.

एका कायद्यातली दोन कलमं

३० जुलै १९६५. मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या ग्रंथालयात लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन्ही योजनांवर सही केली. शेजारी बसलेले ट्रुमन तेव्हा ८१ वर्षांचे होते. मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्यांनाच मिळालं. त्या दिवशीची भाषणं मेडिकेअरबद्दल होती. मेडिकेड हा त्याच कायद्याचा मागचा डबा. त्या डब्यात एक तरतूद होती, जिनं पुढची कित्येक दशकं लाखो म्हाताऱ्यांचा पत्ता ठरवला: नर्सिंग होमचा खर्च देणं राज्यांवर बंधनकारक, आणि घरी मदतनीस पाठवणं मात्र राज्याच्या मर्जीवर.

याचा व्यवहारातला अर्थ विचित्र होता. ज्या बाईला दिवसाकाठी दोन तास मदत मिळाली असती तर ती स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःचा चहा करून प्यायली असती, तिच्यासाठी सरकार दोन तासांचे पैसे देत नव्हतं. चोवीस तासांचे द्यायला मात्र तयार होतं, फक्त तिनं घर सोडलं पाहिजे.

या कोड्याचं पहिलं ठळक उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये सापडलं. १९७०च्या सुमारास तिथल्या गल्ल्यांत, जिन्यांच्या खोल्यांत एकटे राहणारे चिनी, इटालियन आणि फिलिपिनो म्हातारे मोठ्या संख्येनं होते. विल्यम गी हे सार्वजनिक आरोग्य सेवेतले दंतवैद्य आणि मारी-लुईझ आन्साक ही मूळची स्विस समाजसेविका यांना आधी वस्तीत नर्सिंग होमच उभारायचं होतं. हिशेब मांडल्यावर दिसलं, की ते परवडणार नाही. शिवाय ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांना गरम भात आणि स्वतःची माणसं हवीत, ते तिथे सुखी होणार नाहीत. मग त्यांनी इंग्लंडमधल्या ‘डे हॉस्पिटल’चा नमुना उचलला. सकाळी गाडीनं म्हाताऱ्यांना केंद्रात आणायचं. तिथे डॉक्टर, व्यायाम, जेवण, पत्ते, गप्पा. संध्याकाळी परत घरी. घरात लागेल तेवढी मदत तीच संस्था देणार. नाव ठेवलं ‘ऑन लोक’, कँटनीज भाषेत शांत, सुखाचं घर. १९७३ साली पहिलं केंद्र सुरू झालं. पुढे ‘पेस’ या नावानं हाच नमुना इतर राज्यांत गेला, आणि १९९७च्या कायद्यानं त्याला कायमची मान्यता मिळाली.

पण ‘ऑन लोक’ हा एका वस्तीचा प्रयोग होता. देशाच्या नियमातली विसंगती सगळ्यांसमोर आणली ती एका आजारी मुलीनं.

आयोवातल्या सीडर रॅपिड्स गावची केटी बेकेट काही महिन्यांची असताना तिला मेंदूज्वर झाला आणि ती श्वासयंत्रावर आली. तीन वर्षांची होत आली तरी ती हॉस्पिटलातच होती. डॉक्टर म्हणत होते, घरी न्या. आईबाप न्यायला तयार होते. अडचण एकच: हॉस्पिटलात असेपर्यंत मेडिकेड तिचा खर्च देत होतं; घरी नेलं, की आईबापांचं उत्पन्न मोजलं जाणार आणि मदत बंद होणार. नोव्हेंबर १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत हे उदाहरण सरकारी बाबूगिरीचा मासला म्हणून सांगितलं. सहा आठवड्यांच्या आत केटी घरी होती. ती जगली, शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि २०१२मध्ये ३४व्या वर्षी गेली.

त्या पत्रकार परिषदेच्या थोडं आधी, ऑगस्ट १९८१मध्ये, रेगन यांनी सही केलेल्या अवाढव्य अर्थसंकल्पी कायद्यात एक छोटं कलम होतं. राज्यांना हवं असेल तर त्यांनी केंद्राकडे अर्ज करावा आणि मेडिकेडच्या नेहमीच्या नियमांतून सूट मागावी. त्या सवलतीखाली नर्सिंग होमऐवजी घरी मदत देता येईल. अट एवढीच, की सरासरी खर्च नर्सिंग होमपेक्षा जास्त होता कामा नये. ऑरेगन राज्यानं त्याच वर्षी पहिली सूट मिळवली. या व्यवस्थेचं नाव ‘वेव्हर’. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत म्हाताऱ्यांच्या घरांत आज हा शब्द रेशनकार्डासारखा रुळला आहे. ‘आईचं वेव्हर मंजूर झालं का?’ असं विचारतात. पण वेव्हर म्हणजे नियमाला दिलेली माफी, सवलत. कायद्याच्या भाषेत नर्सिंग होम हा नियम राहिला आणि स्वतःचं घर हा अपवाद.

हक्क आणि सवलत यांतला फरक रांगेत कळतो. हक्काला रांग नसते. पात्र माणसाला नर्सिंग होमचा खर्च नाकारता येत नाही. सवलतीला राज्य जागा ठरवून देऊ शकतं, आणि जागा भरल्या की नाव प्रतीक्षायादीत. केएफएफ या आरोग्य-धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं २०२४ साली मोजलं, तेव्हा देशभरात अशा याद्यांवर सात लाखांहून अधिक नावं होती आणि सरासरी थांबणं ४० महिन्यांचं. यादीतले बहुसंख्य जन्मजात बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेले. पण ज्या ऐंशीच्या म्हाताऱ्याचं नाव तिथे आहे, त्याला ४० महिने म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

न्यायालयानं यात एकदा जोरानं हात घातला. लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या जॉर्जियातल्या दोन स्त्रिया मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्वामुळे अटलांटाच्या सरकारी रुग्णालयात होत्या. डॉक्टरांनी बाहेर राहू शकतील असं लिहून देऊनही त्यांना आतच ठेवलं होतं. कायदेशीर मदत केंद्रातल्या वकील स्यू जेमिसन यांनी खटला भरला. २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं, की गरज नसताना माणसाला संस्थेत डांबून ठेवणं हा १९९०च्या अपंग हक्क कायद्याखाली भेदभाव ठरतो. राज्याच्या अधिकाऱ्याच्या आडनावावरून हा निकाल ‘ओल्मस्टेड’ म्हणून ओळखला जातो. लोइस पुढे चित्रं काढू लागली. २०११मध्ये तिनं एक चित्र व्हाइट हाउसमध्ये जाऊन बराक ओबामांना दिलं.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसायला २०१३ उजाडलं. त्या वर्षी मेडिकेडच्या दीर्घकालीन देखभालीच्या पैशातला निम्म्याहून अधिक वाटा पहिल्यांदाच नर्सिंग होम सोडून घराकडे आणि वस्तीतल्या सेवांकडे गेला.

गरीब कसं व्हायचं

लुळेपणाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला दुसरी परीक्षा द्यावी लागते, गरिबीची. बहुतेक राज्यांत एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. ज्या योजनेवरून हा आकडा आला, तिच्यात तो १९८९पासून हललेला नाही. घरी मदत मिळवण्यासाठी अनेक राज्यांत महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा २०२५ साली २,९०१ डॉलर होती. ज्यांची पेन्शन तीस-चाळीस डॉलरनं जास्त होते, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ‘मिलर ट्रस्ट’ नावाचा प्रकार आहे. जादा रक्कम दर महिन्याला त्या खात्यातून फिरवून आणायची, म्हणजे कागदावर उत्पन्न कमी होतं. न्यू जर्सीनं हा मार्ग २०१४च्या अखेरीस स्वीकारला.

मग सुरू होतो ‘स्पेंड डाउन’, म्हणजे नियमात बसेपर्यंत पैसे खर्च करणं. घराचं छप्पर दुरुस्त करून घ्यायचं, न्हाणीघरात धरायचे दांडे बसवायचे, कानाचं यंत्र घ्यायचं. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसेही आधीच भरून ठेवता येतात आणि ते मालमत्तेत धरले जात नाहीत. मुलांना मात्र द्यायचे नाहीत. २००६मध्ये अमलात आलेल्या कायद्यानुसार अर्जापूर्वीच्या ६० महिन्यांतला प्रत्येक व्यवहार तपासला जातो. नातीच्या लग्नात आजोबांनी प्रेमानं दिलेला १०,००० डॉलरचा चेक पाच वर्षांच्या आत निघाला, तर दंड म्हणून त्या रकमेच्या हिशेबानं काही काळ मदत रोखली जाते. आपल्याकडे हयात असतानाच वाटण्या करून मोकळं होणारे बाप शहाणे समजले जातात. तिथे तोच शहाणपणा अंगाशी येतो.

राहतं घर ठरावीक मूल्यापर्यंत मालमत्तेत धरत नाहीत. हे ऐकून हायसं वाटतं, पण १९९३च्या कायद्याचं एक शेपूट आहे. ५५ वर्षांवरील लाभार्थी मेल्यानंतर राज्यानं त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून खर्च वसूल करण्याचा प्रयत्न करावा, असं तो कायदा सांगतो, आणि त्यात नर्सिंग होमबरोबर घरी मिळालेल्या सेवाही येतात. जोडीदार हयात असेल, मूल लहान किंवा अपंग असेल तर वसुली थांबते. नसेल तर तेराव्याच्या आसपास मुलाच्या हाती पत्र पडू शकतं. घरात राहू दिल्याचं बिल शेवटी घरावरच चढतं.

घरी येते ती कोण?

सरकारनं घर स्वस्त ठरवलं. पण घर स्वस्त का पडतं? भिंती फुकट असतात म्हणून, आणि येणारी बाई स्वस्त असते म्हणून.

अमेरिकेत घरी जाऊन देखभाल करणाऱ्या मदतनिसांची संख्या ४० लाखांच्या वर आहे. दहातल्या आठाहून अधिक बायका, आणि जमैका, हैती, डोमिनिकन रिपब्लिक, फिलिपिन्स, चीन, नेपाळ अशा देशांतून आलेल्यांचा वाटा मोठा. सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४मध्ये त्यांचा मध्यम पगार तासाला १६.७८ डॉलर होता. येत्या दशकात सर्वाधिक नव्या नोकऱ्या ज्या क्षेत्रांत निघणार आहेत, त्यांत हे काम पहिल्या ओळीत आहे. म्हणजे माणसं सर्वांत जास्त लागणार तिथेच, आणि पगार तळाचा.

हा योगायोग नाही. १९७४ साली अमेरिकन संसदेनं किमान वेतनाचा कायदा घरकामगारांना लागू केला, पण वृद्धांना ‘सोबत’ करणाऱ्यांना वगळलं. डोळ्यांसमोर होती शेजारची मुलगी, जी आजोबांपाशी तासभर बसते. मजूर खात्याच्या १९७५च्या नियमांनी त्या सोबतीत एजन्सीमार्फत आठवड्याला सत्तर तास राबणाऱ्या बायकाही घातल्या. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या एव्हलिन कोक या त्यांपैकी एक. जमैकातून आलेल्या, वीस वर्षं लोकांच्या आयांना उठवत-बसवत राहिलेल्या. जादा तासांचे जादा पैसे मिळावेत म्हणून त्यांनी खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २००७मध्ये त्या एकमतानं हरल्या. दोन वर्षांनी वारल्या. मजूर खात्यानं नियम बदलला तो २०१३मध्ये; अंमल झाला २०१५मध्ये. जुलै २०२५मध्ये त्याच खात्यानं तो नियम मागे घेऊन १९७५च्या चौकटीत परतण्याचा प्रस्ताव मांडला आहे.

लॉस एंजेलिसमध्ये गोष्ट वेगळी घडली. तिथे अडचण अशी, की हजारो घरांत विखुरलेल्या बायकांचा मालक कोण हेच ठरत नव्हतं. म्हातारा म्हणे मी नाही, परगणा म्हणे आम्ही फक्त चेक काढतो. बारा वर्षं संघटकांनी दारोदार फिरून नावं गोळा केली. त्यासाठी आधी कायद्यानं एक सार्वजनिक प्राधिकरण निर्माण करून घ्यावं लागलं, म्हणजे वाटाघाटी करायला समोर कुणीतरी असेल. फेब्रुवारी १९९९मध्ये ७४,००० मदतनीस एका झटक्यात संघटनेत आले. १९३०च्या दशकातल्या मोटार-कामगारांच्या लढ्यानंतरचा अमेरिकन कामगार चळवळीचा सर्वांत मोठा विजय म्हणून त्याची नोंद आहे.

न्यूयॉर्कमध्ये अजूनही एक वाद पेटलेला आहे. ज्या रुग्णाला रात्रंदिवस माणूस लागतो, त्याच्याकडे मदतनीस २४ तास राहते, पण पैसे १३ तासांचे मिळतात. ८ तास झोपेचे आणि ३ तास जेवणाचे वजा. २०१९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही हा हिशेब मान्य केला. स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा रात्री तीनदा उठून दार उघडायला निघतो, तेव्हा तिची झोप कुठे असते? मॅनहॅटनच्या चायनाटाउनमधल्या चिनी बायकांनी या प्रश्नावर कित्येक वर्षं मोर्चे काढले. २०२४मध्ये सिटी हॉलसमोर उपोषणालाही बसल्या.

कामावर नजर ठेवायला आता फोन आहे. २०१६च्या एका केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेडच्या पैशानं घरी येणाऱ्या प्रत्येकीला आत आल्यावर आणि बाहेर पडताना इलेक्ट्रॉनिक नोंद करणं भाग आहे: कोण, कुठे, कुणासाठी, किती वाजता. आजी दारात ‘जरा चहा घेऊन जा ग’ म्हणतात, तेव्हा तिची नोंद बंद होऊन गेलेली असते.

लेकीचा पगार

या सगळ्या व्यवस्थेत मराठी माणसाला सर्वांत चमत्कारिक वाटेल अशी एक तरतूद आहे. आईची सेवा करण्याबद्दल सरकार लेकीला पगार देऊ शकतं.

१९९८च्या अखेरीस अर्कान्सा राज्यानं एक प्रयोग सुरू केला. एजन्सीकडे जाणारे पैसे थेट वृद्धाच्या हाती द्यायचे. कुणाला कामावर ठेवायचं ते तो ठरवेल. पाठोपाठ न्यू जर्सी आणि फ्लोरिडा आली. टीकाकारांना भीती होती, की नातेवाईक पैसे खातील आणि म्हातारे उपाशी राहतील. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तुलना केली गेली, तेव्हा आढळलं, की ज्यांनी माणूस स्वतः निवडला ते अधिक समाधानी होते, त्यांच्या गरजा कमी वेळा अपुऱ्या राहिल्या आणि त्यांची हेळसांड वाढली नाही. बहुतेकांनी निवडली होती मुलगी, सून, बहीण, शेजारीण.

कॅलिफोर्नियात ही पद्धत आणखी जुनी आणि प्रचंड आहे. तिथल्या ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’ योजनेत आठ लाखांहून अधिक लोक आहेत, आणि त्यांची काळजी घेणारे बहुसंख्य नातलगच. तास मिनिटांत मोजतात. झाडलोटीला घरामागे महिन्याला ६ तास. स्वयंपाकाला आठवड्याला साधारण ७ तासांपर्यंत. सगळं मिळून महिन्याला कमाल २८३ तास. एकाच घरात राहून सेवा करणाऱ्याच्या या उत्पन्नावर २०१४पासून केंद्रीय आयकरही नाही.

‘आईचं करायचे पैसे कसले?’ हा प्रश्न आपल्या मनात आधी येतो. तो विचारणाऱ्यानं एकदा हेही विचारून पाहावं, की आईचं करायला नोकरी कुणी सोडली होती, आणि तिच्या हातात तेव्हा काय पडलं?

ओक ट्री रोडवरचे आजी-आजोबा

न्यू जर्सीतल्या एडिसन आणि इझेलिन भागात, ओक ट्री रोडच्या आसपास, भारतीय वस्ती दाट आहे. सकाळी तिथल्या गल्ल्यांतून व्हॅन फिरतात आणि आजी-आजोबांना ‘मेडिकल डे केअर’ला घेऊन जातात. नर्स रक्तदाब बघते, जेवण शाकाहारी असतं, दुपारी भजन, अंताक्षरी, पत्ते. ‘ऑन लोक’चा चिनी नमुना इथे गुजराती थाळी वाढतो. पात्र माणसाचे पैसे मेडिकेड देतं. टेबलांवर गुजरातीचा आवाज मोठा, पण मराठीही कानी पडते.

इथवर पोचायला मात्र वेळ लागतो. मुलानं बोलावून घेतलेल्या आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळालं म्हणून मेडिकेड मिळत नाही. ऑगस्ट १९९६मध्ये बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यानं नव्यानं आलेल्यांना पाच वर्षं थांबवलं आहे. शिवाय मुलानं सहीनिशी हमी दिलेली असते, की हे माझ्यावर अवलंबून आहेत. मेडिकेअरलाही पाच वर्षांचा रहिवास लागतो, आणि तिथे काम न केलेल्यांना हॉस्पिटल-विमा विकत घ्यावा लागतो. २०२५ साली त्याचा हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता. त्यामुळे सत्तरीतले आजोबा जॉर्ज वॉशिंग्टनपासूनची प्रश्नोत्तरं पाठ करत नागरिकत्वाच्या परीक्षेला बसतात. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं. ‘वेव्हर’ म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळतं.

काहीजण परत येतात. पुण्यात, ठाण्यात ब्यूरोतून बाई मिळते, बारा तासांची किंवा चोवीस तासांची, आणि डॉलरमध्ये कमावणाऱ्या मुलाला ते परवडतं. परवडत नाही ते त्याच गल्लीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याला. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धाला महिना १,५०० रुपये मिळतात. २०२४मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये. हातात काठी येते; ती धरून न्हाणीघरापर्यंत नेणारा माणूस योजनेत नाही. ते काम सून करते असं गृहीत धरलेलं आहे.

२०२८ची तारीख

४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या अर्थसंकल्पी कायद्यानं मेडिकेडमधला केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरनं कमी होईल, असा अंदाज आहे. कायद्यातल्या बहुतेक तरतुदी तरुण लाभार्थींबद्दल आहेत आणि म्हाताऱ्यांची घरची मदत त्यात थेट कापलेली नाही. पण राज्याचा हात आखडला, की ते आधी काय कापणार? नर्सिंग होम बंधनकारक आहे. घर राज्याच्या मर्जीवर आहे. साठ वर्षांपूर्वीच्या त्या दोन कलमांचा हिशेब इथे येऊन थांबतो.

कॅलिफोर्नियानं २०२४च्या पहिल्या दिवशी शिल्लक पैशाची अट पूर्ण काढून टाकली होती. दोनच वर्षांत, २०२६पासून, ती १,३०,००० डॉलरवर परत आणली आहे.

त्याच जुलैच्या कायद्यात एक उलट दिशेचं कलमही सापडतं. अजून नर्सिंग होममध्ये जाण्याइतकी अवस्था झालेली नाही, पण हाताशी कुणी हवंय, अशा लोकांना घरी मदत देण्याची मुभा राज्यांना १ जुलै २०२८पासून मिळणार आहे. म्हणजे ‘सगळं जमतं मला’ म्हणणाऱ्या आजींनाही दारातून आत घेता येईल. दोन अटी आहेत. राज्याची इच्छा हवी, आणि आधीच्या रांगेतल्यांचं थांबणं त्यामुळे लांबता कामा नये. या नव्या सोयीचं कायद्यातलं नावही वेव्हरच आहे.